माझ्या ओळखीचा एक म्हातारा

क्रॅन्स्टनव्हिल, नेब्रास्का
३ मार्च १८७४

चि. थर्झास,

पाकिटावर 'डॉ. थर्झा क्रॅन्स्टन' असं लिहिलं आहे, कारण फिलाडेल्फियातला टपालवाला तुला त्याच नावाने ओळखत असणार. आत काय लिहायचं ते माझं मी ठरवीन.

सहा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही हे तू दाखवून देण्याआधी मीच सांगून टाकतो. हे पत्रसुद्धा मी बाप म्हणून लिहीत नाही. एका रोग्याच्या वतीने लिहितो आहे. तू डोळ्यांच्या इस्पितळात आहेस असं कानावर आलं. कुणाकडून ते विचारू नकोस.

माझ्या ओळखीचा एक म्हातारा आहे. मानी माणूस आहे, म्हणून नाव सांगत नाही. गेली दोन वर्षं त्याला उजव्या डोळ्याने ताकातून बघावं तसं दिसतं. आता डावाही त्याच वाटेला लागला आहे. दिव्याभोवती कडं दिसतं. भर उन्हापेक्षा तिन्हीसांजेला बरं दिसतं. दुखत नाही, पाणी येत नाही. बाकी प्रकृती घोड्यासारखी.

गेल्या रविवारी चर्चमध्ये तो आमच्या बिबशी बराच वेळ बोलला. बिबची घोडी मेली होती, म्हणून दोन समाधानाचे शब्द. बोलून झाल्यावर खांद्यावर हात ठेवला तर हात भाजला. ती शेगडी होती. आता बिब जाडा आहे, काळा कोट घालतो आणि कोपऱ्यात गप्प बसतो. चूक कुणाचीही झाली असती. पण म्हाताऱ्याच्या ती मनाला लागली आहे.

हे काय असावं आणि थेंबांनी जाईल का, एवढं कळव. उत्तर म्हातारा स्वतः वाचणार आहे, तेव्हा अक्षर मोठं काढ आणि शाई काळी वापर.

ऑबेड क्रॅन्स्टन

ता. क. म्हाताऱ्याला कापाकापी आवडत नाही. भित्रा आहे असं समजू नकोस.


३० मार्च १८७४

चि. थर्झास,

तुझा कागद मिळाला. त्याला पत्र म्हणवत नाही. चौदा प्रश्न, आणि खाली एक वाक्य: 'रुग्णाच्या गावी एक डॉक्टर राहत असल्याचे स्मरते, ते काकवी विकण्यातून मोकळे असल्यास त्यांनी तपासणी करावी.'

आधी प्रश्नांची उत्तरं. वय एकसष्ट. दारू नाही, तंबाखू थोडी. डोळ्यावर मार लागलेला नाही. तू सांगितलंस तसं अंधाऱ्या खोलीत मेणबत्ती वर-खाली, डावी-उजवीकडे फिरवून पाहिली. उजेड कुठून येतो ते म्हाताऱ्याला दर वेळी बिनचूक सांगता आलं. एकदा मिशीही जळाली. बुबुळाच्या आतला रंग कसा आहे, हे म्हाताऱ्याने आरशात बघायचा प्रयत्न केला, पण ज्या डोळ्याने बघायचं तोच डोळा असल्यामुळे जमलं नाही. स्वयंपाकघरातून लुद्मिलाबाईला बोलावून विचारलं. ती म्हणाली, उकडलेल्या माशासारखा.

आता काकवीचं. तुझ्या मैत्रिणींना तू सांगतेस म्हणे की माझ्या बापाने लोभापायी डॉक्टरकी सोडली आणि दुकान टाकलं. तू इथेच वाढलीस, पण लहान होतीस, म्हणून ते कसं झालं ते एकदा नीट ऐकून घे.

आपण १८५५ साली इथे आलो तेव्हा नदीच्या या काठाला तीन झोपड्या होत्या. माझ्याकडे खोगिराच्या दोन पिशव्या होत्या, एकीत औषधं आणि दुसरीत दात काढायच्या पकडी. पहिल्या रोग्याने अर्धं डुक्कर दिलं. दुसऱ्यानेही अर्धं डुक्कर दिलं. मला वाटतं, ते एकाच डुकराचे दोन भाग होते. नाताळापर्यंत घरात अकरा खारवलेल्या मांड्या टांगलेल्या होत्या आणि खाणारी माणसं तीन. त्यातली एक तू, आणि तू दुधाशिवाय कशाला तोंड लावत नव्हतीस. तुझी आई म्हणाली, ह्या बाहेर टांगा, मला चुलीपाशी वाकता येत नाही. बाहेर टांगल्या. पश्चिमेकडे निघालेला एक तांडा थांबला आणि त्यांनी विचारलं, केवढ्याला? त्या दिवशी मी दुकानदार झालो, आणि मला कळलंही नाही.

पुढच्या मांड्यांसाठी मीठ आणलं, ते उरलं म्हणून विकलं. मिठाच्या पिंपाबरोबर खिळ्यांचं पिंप स्वस्तात मिळालं. असं ते वाढत गेलं. माणूस उठून एकदम दुकान टाकत नाही, पोरी. दुकान माणसावर चढतं, वेल चढतो तसं.

जमिनीचंही तेच. या खोऱ्यातला हिवताप तुला आठवतो. दुपारी दोनला थंडी वाजायला लागली की खुर्च्यांसकट माणसं हलायची. दोन पावसाळे काढले की बायका म्हणायच्या, आम्हाला ओहायोला परत न्या. गाडी नसायची, बैल मेलेले असायचे. मी बैल द्यायचो आणि ते जमिनीचा कागद ठेवून जायचे. मी कुणाला जा म्हटलं नाही. तेरा वर्षांची असताना तू भर जेवणात म्हणालीस, 'बाबा ताप बरा करत नाहीत, तापलेल्यांना गाडीत बसवून देतात.' लुद्मिलाबाई इतकी हसली की तिला ठसका लागला. मी हसलो नव्हतो. अजूनही नाही.

आणि डॉक्टरकी मी सोडली ती पाठीमुळे. घोड्यावर बसवत नव्हतं. विषय संपला.

ऑबेड क्रॅन्स्टन


१९ एप्रिल १८७४

चि. थर्झास,

मोतीबिंदू आहे, पिकला आहे, थेंबांनी जाणार नाही, रोग्याने फिलाडेल्फियाला यावं. एवढ्या चार गोष्टी सांगायला तू अर्धं पान घेतलंस, आणि उरलेलं दीड पान माझ्या पाठीवर खर्च केलंस. १८६३ च्या हिवाळ्यात मी मिठाची दोन पोती एका वेळी खांद्यावरून नेताना तू पाहिलंस म्हणे. पाहिलं असशील. पोतं उचलायची पाठ वेगळी आणि घोड्यावर बसायची वेगळी. हे तुमच्या कॉलेजात शिकवत नसतील.

बरं, पाठ राहू दे. खरं सांगायचं तर लोकच बोलवेनासे झाले. दलदल भरली, हवा सुधारली, माणसं धडधाकट झाली. धडधाकट माणसांत डॉक्टरने काय करायचं? तर किराणा विकायचा.

म्हातारा फिलाडेल्फियाला येणार नाही. त्याची गिरणी आहे, बरीचशी जमीन आहे, दुकान आहे. दुकान हा शब्द चुकून लिहिला. किरकोळ दुकान आहे, सगळ्यांचंच असतं. शिवाय परक्या शहरात चार दिवसांच्या आगगाडीनंतर, कुणातरी पोरीसोरींच्या हाती डोळे द्यायचे, हे त्याच्या मनाला पटत नाही. 'पोरीसोरी' हा त्याचा शब्द आहे.

आणि त्याची गरजही उरलेली नाही. इथे प्रोफेसर दुवाल म्हणून एक गृहस्थ आले आहेत. पिवळी गाडी, तिच्यावर पिंपाएवढा डोळा रंगवलेला. एका सुईने ते पडदा आतल्या आत मागे ढकलतात. घास गिळायला लागतो तेवढाच वेळ. शेजारच्या गावात एका आंधळ्या बाईने त्याच मिनिटाला खिडकीबाहेरची कोंबडी ओळखली. म्हाताऱ्याने सहा मेचा दिवस ठरवला आहे.

माझं अक्षर एकावर एक चढतं असं तू लिहिलं आहेस. कागद वाईट आहे.

ऑबेड क्रॅन्स्टन


२१ एप्रिल

लाडके थर्झा,

मी लुद्मिला व्होंद्रा, तुमच्या घरची स्वयंपाकीण. मला लिहिण्याची सवय नाही, तेव्हा चुकलं तर हस आणि पुढे वाच. मालक गिरणीवर गेले आहेत. म्हणजे गिरणीच्या दिशेने गेले आहेत.

म्हातारा म्हणजे तेच. तू ओळखलं असशीलच, पण कुणीतरी सरळ लिहून कळवावं म्हणून मी लिहिते आहे.

शेगडीची गोष्ट खरी आहे. बाकीच्या त्यांनी सांगितल्या नसतील. परवा त्यांनी आपल्याच अंगणात दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या परकराला टोपी काढून नमस्कार केला. त्याला मी हसले. पण गेल्या आठवड्यात त्यांनी बिबबाईला खाण्याच्या सोड्याऐवजी उंदरांचं औषध बांधून दिलं. दोन्ही पांढरं, दोन्ही डबे एकाच फळीवर. मी भांडी घासत होते, माझी नजर डब्याच्या लाल झाकणावर गेली. धावत जाऊन रस्त्यात पुडी ओढून घेतली. तिला सांगितलं की वजन चुकलं. बिबबाईकडे पाच पोरं आहेत आणि त्या दिवशी ती केक करणार होती.

मालकांना मी खरं सांगितलं. त्यांनी सगळे डबे खाली काढले, फळी रिकामी केली आणि खुर्चीत बसून राहिले. जेवले नाहीत. मग संध्याकाळी म्हणाले, 'लुद्मिला, त्या सुईवाल्याला बोलाव.'

सुईवाल्याची मी चौकशी केली. कोंबडी ओळखणारी बाई खरी आहे. पण आमच्या बोहेमियातून इथे आलेल्या एका माणसाच्या भावाने त्याच्याकडून डोळा करून घेतला होता. पंधरा दिवस छान दिसलं, मग डोळा सुजला, मग गेला. तोवर पिवळी गाडी तिसऱ्या जिल्ह्यात होती. मालकांना सांगितलं तर म्हणतात, माझ्याकडे दुसरा कोण आहे?

एक गोष्ट तुला ठाऊक नसेल. तुझा कागद आला की ते मला वाचू देत नाहीत. भिंग घेऊन खिडकीत बसतात. एक पान वाचायला त्यांना अख्खी दुपार लागते. मग घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवतात आणि तुझ्या नावाने तासभर बडबडतात. त्या दिवशी त्यांना जेवण चांगलं जातं.

तू जाताना ते काय म्हणाले होते ते मी विसरलेले नाही. डॉक्टरीण होऊन या दारात पाऊल टाकायचं नाही, असं म्हणाले होते. पण दार मी झाडते, थर्झा, ते झाडत नाहीत. मी सांगते, ये.

तुझी लुद्मिला


२ मे १८७४
(ओमाहा येथील स्टेशनजवळच्या हॉटेलात, डॉ. थर्झा क्रॅन्स्टन उतरतील तेव्हा हाती देण्यासाठी)

थर्झा,

तुझी तार आमच्या तारमास्तराने भर दुकानात मोठ्याने वाचली. 'सुईवाल्याला हात लावू देऊ नका. मी निघाले. म्हाताऱ्याला सांगा.' तेव्हा दुकानात नऊ माणसं होती. तेव्हापासून रस्त्यात जो भेटतो तो मला विचारतो, म्हाताऱ्याला सांगितलंत का?

तेव्हा ते सोंग संपलं. म्हातारा मीच. लुद्मिलाने लिहिलं हे मला कळलं आहे. तिला मी कामावरून काढून टाकलं. ती म्हणाली, बरं, आणि स्वयंपाकाला लागली.

प्रोफेसर दुवालही संपले. तार ऐकून बिबने त्यांना सहज विचारलं की डॉक्टरीणबाई येईपर्यंत थांबाल ना, दोघांची गाठ पडेल. दुपारपर्यंत पिवळी गाडी गावाबाहेर होती.

हे पत्र ओमाहाला पाठवतो आहे, कारण इथे पोचण्याआधी तुला एक गोष्ट ठाऊक असायला हवी. ती वाचून तुला परत फिरावंसं वाटलं तर पूर्वेकडची गाडी सकाळी नऊला सुटते. आपल्या स्टेशनवर मी बैलगाडी पाठवतो आहे. तू आली नाहीस तर ती पिठाची पोती घेऊन येईल, म्हणजे खेप फुकट जाणार नाही. तेव्हा माझी भीड धरू नकोस.

पाठ दुखत नव्हती. लोकही बोलवायचे थांबले नव्हते. १८६३ च्या सप्टेंबरात दगडकाम करणारा निल्स ऑकरलुंड पोट धरून आला होता, ते तुला आठवत असेलच. आपण दोघांनी तो विषय कधी काढला नाही, म्हणून मी आता पहिल्यापासून सांगतो.

दुपारची वेळ होती. तो बाकावर वाकडा होऊन पडला होता, ओकत होता. मी म्हटलं, पोटशूळ आहे, कोठा साफ केला पाहिजे. मी जुलाबाची पांढरी पूड कालवली, नेहमीच्या दुप्पट, कारण माणूस आडदांड होता. तू पंधरा वर्षांची होतीस आणि तस्त धरून उभी होतीस. तू म्हणालीस, 'बाबा, ते सारखा जांघेवर हात ठेवतायत. तिथे बघा ना.' मी म्हटलं, गप्प बस. पेला त्याच्या हातात दिला. तू पुढे होऊन त्या पेल्याला फटका मारलास, पेला फुटला, आणि मी तुझ्या तोंडात मारली. रोग्यादेखत.

तू बाहेर गेलीस. मग मी बघितलं. आतडं जांघेत उतरून अडकलं होतं, अंड्याएवढी गाठ. तो लाजेने सांगत नव्हता आणि मी विचारलं नव्हतं. ती पूड पोटात गेली असती तर दोन दिवसांत आतडं फुटून तो मेला असता. मी त्याला गरम पाण्यात बसवलं, तासभर हळूहळू दाबून गाठ आत सारली. तो वाचला. त्याने माझे हात धरले आणि तो रडला, आणि मी ते आभार घेतले. महिन्याभराने त्याने नदीच्या वळणावरची चाळीस एकर जमीन लिहून दिली, तीही घेतली. तिच्यावर गाव उभं राहिलं. तुला मी एक शब्द बोललो नाही.

त्या आठवड्यानंतर मी एकाही रोग्याला हात लावला नाही.

मला तुझा राग आला असता तर बरं झालं असतं. मला भीती वाटली. थर्झा, मी कॉलेजात पाच महिने होतो. दोन हिवाळे शिकायचे असतात, मी एकच केला, दुसऱ्याला पैसे नव्हते. त्या पाच महिन्यांवर मी वीस वर्षं लोकांना औषधं दिली. निल्सनंतर मी एकेकाला आठवू लागलो. तुझ्या आईलाही शेवटच्या आजारात मीच औषध दिलं होतं. ते बरोबर होतं की नाही, मला आजही ठाऊक नाही.

आणि मग तू म्हणालीस, मला डॉक्टर व्हायचंय. तू बाईमाणूस म्हणून मी नाही म्हटलं, असं सगळ्यांना वाटतं. मी तसंच बोललो होतो, कारण ते बोलायला सोपं होतं. तू तिथे जाऊन जे शिकशील त्याने तुला कळणार होतं की मी कुणाकुणाला मारलं. म्हणून मी दार बंद केलं.

आता ये किंवा परत जा. गाडी नऊची आहे.

तुझा बाप


९ ऑगस्ट १८७४

मालकीणबाईंच्या सेवेशी,

या संबोधनाचं कारण पुढे येईल. आधी प्रकृतीचं.

उजव्या डोळ्याने आता तुझ्या जाड चष्म्यातून बायबलची बारीक टीपही वाचता येते. हे पत्र मी भिंगाशिवाय लिहितो आहे आणि ओळी एकमेकींपासून अंतर राखून आहेत, हे तू बघशीलच. कागद तोच आहे.

तू सांगितलेल्या दिवशी लुद्मिलाने शेवटची पट्टी काढली. तू पहिल्याच दिवशी काढून बघितलं होतंस, पण तेव्हा मला फक्त उजेड आणि एक पांढरा ॲप्रन दिसला होता. या खेपेला चष्मा चढवून समोर बघितलं, तर एक पांढऱ्या केसांची म्हातारी उभी. मी विचारलं, ह्या कोण? तीच लुद्मिला. तिने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला आणि कॉफीत साखर घातली नाही. मग मी आरशात स्वतःला बघितलं आणि तिची माफी मागितली.

दुकानावरच्या पाटीत माझं नाव 'क्रॅस्टन' असं लिहिलेलं आहे. दोन वर्षं. कुणी सांगितलं नाही. बिब म्हणतो, आम्हाला वाटलं तुम्हाला तसंच हवंय.

त्या दिवसाबद्दल आपण बोललो नाही. तुझ्या बाजूने तो कसा गेला मला ठाऊक नाही, माझ्या बाजूने सांगतो. उजेडासाठी तू जेवणाचं टेबल उत्तरेच्या खिडकीशी ओढलंस आणि खिडकीबाहेर निम्मं गाव उभं राहिलं. मी म्हटलं, पडदा लाव. तू म्हणालीस, 'बघू देत. उद्या मी चुकले तर त्यांना सांगोवांगी कशाला कळायला हवं?' ऑकरलुंड सर्वात पुढे होता, टोपी हातात घेऊन. मला गुंगी दिली नाहीस, कारण ओकारी आली तर डोळा जातो म्हणालीस. लुद्मिलाने डोकं धरलं, खाटकाकडे बोकड धरतात तसं. मला तू एकच गोष्ट सांगितलीस, बोलायचं नाही. एकसष्ट वर्षांत मला कुणी एवढी कडक शिक्षा दिली नव्हती.

मग तू म्हणालीस, 'बाबा, आता खाली बघा.'

आल्यापासून पाच दिवस तू मला 'रोगी' म्हणत होतीस. त्याआधी सहा वर्षं काहीच म्हटलं नव्हतंस. मी खाली बघायच्या ऐवजी तुझ्याकडे बघितलं, आणि तू अशी खेकसलीस की खिडकीबाहेर बिबनेही खाली बघितलं. ती चूक माझी होती. डोळा वाचला तो तुझ्या हातामुळे. तुझा हात हलला नाही. मला तो दिसत नव्हता, पण कळत होता. माझा कधी इतका स्थिर नव्हता.

तू तीन आठवडे राहिलीस. ओमाहाच्या पत्राविषयी तू एकदाच बोललीस. माझी पट्टी बदलताना म्हणालीस, आईला दिलेलं औषध बरोबर होतं, मीही तेच दिलं असतं. खरं होतं की माझ्यासाठी बनवलेलं होतं, मी विचारलं नाही. विचारणारही नाही.

त्या तीन आठवड्यांत सदतीस बाया मागच्या दाराने तुझ्याकडे येऊन गेल्या. लुद्मिलाने मोजल्या. जाण्याच्या आदल्या दिवशी जेवणाच्या टेबलाशी बिबबाईने सरळ विचारलं, इथेच का नाही राहत? तू म्हणालीस, 'बाबांच्या गावात, बाबांच्या घरात, बाबांच्या मेहेरबानीवर मी राहणार नाही. आमचं चार दिवस जमेल, चार महिने नाही.' मला राग आला, पण ते खोटं नव्हतं. तू गेलीस.

आता मालकीणबाई का, ते.

दृष्टी परत आल्यावर मी पहिलं काम केलं ते ऑकरलुंडकडे जाण्याचं. म्हटलं, अकरा वर्षं याचे आभार फुकट खाल्ले, आता निदान खरं सांगावं. तो कुंपणाचे दगड बसवत होता. मी उभ्याउभ्याच सांगितलं की निल्स, तुला वाचवलं ते मी नाही, माझ्या मुलीने. तो खाली बसून दगडच ठोकत राहिला. मला वाटलं, त्याला धक्का बसला. मग तो म्हणाला, 'ठाऊक आहे डॉक्टर. मी तिथेच होतो. पेला माझ्याच हातात होता.'

मी विचारलं, मग अकरा वर्षं बोलला का नाहीस? तर म्हणतो, तुम्ही बोलत नव्हता, मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल. मग जमीन मला का दिलीस? त्याने हातोडी खाली ठेवली आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी अजून आंधळाच आहे. म्हणाला, 'तुम्हाला कुठे दिली? कागद वाचला नाहीत?'

वाचला नव्हता. कसा वाचणार? तो हातात घेतला की हात भाजायचा. घेतला तसा पेटीत तळाशी टाकला. काल पेटी उघडली. थर्झा, नदीच्या वळणावरची चाळीस एकर जमीन, तीवरच्या झाडाझुडपांसकट आणि दगडासकट, 'कुमारी थर्झा क्रॅन्स्टन हिला, तिने माझ्या हातातला पेला फोडला याबद्दल'. कचेरीतल्या शिक्क्यासकट. दर वर्षी सारा भरल्याच्या पावतीवर 'टी. क्रॅन्स्टन' येतं, आणि मी समजत होतो की कारकुनाला 'ओ' काढता येत नाही.

आज सकाळी निल्सला बरोबर घेऊन साखळीने हद्द मापली. त्या चाळीस एकरांत पुढील गोष्टी आहेत: माझं दुकान, माझी गिरणी, हे घर, चर्च, बिबचा गुरांचा वाडगा आणि मी वाकडा दात काढल्याबद्दल मिळालेली विहीर. माझी बाकीची साडेतीन हजार एकर सगळी हद्दीबाहेर आहे. तिथे गवत आहे.

मी बिबला सांगितलं. बिबने गावाला सांगितलं. चर्चवाल्यांची सभा झाली आणि आता आपल्याला काढतील का, यावर चर्चा झाली. लुद्मिला म्हणाली, तिला मी ओळखते, चर्चला काढणार नाही, तुमचं काही सांगता येत नाही.

कागद नोंदणीच्या टपालाने तुझ्याकडे पाठवतो आहे. त्याच्यावर माझा काही हक्क नाही आणि त्यासाठी मी वकील करणार नाही. तू तिथेच राहिलीस तरी जमीन तुझी, विकलीस तरी तुझी. मी तुला ये म्हणत नाही. सहा वर्षांपूर्वी जा म्हणण्याचा मला अधिकार नव्हता, तसा आज ये म्हणण्याचा नाही.

फक्त एवढं कळवायचं होतं की तू जेवणाच्या टेबलाशी जे बोललीस, ते कारण आता उरलेलं नाही. हे माझं गाव नाही, घरही माझं नाही. तुझ्या गावात, तुझ्या घरात, तुझ्या मेहेरबानीवर मी राहतो आहे, आणि राहू द्यावंस अशी विनंती आहे. दिवाणखान्यालगतची उत्तरेकडची खोली मी रिकामी केली आहे. तिथे पिठाची पोती होती. आता काही नाही, खिडकी आहे.

दुसरा डोळा ऑक्टोबरात करायचा असं तू म्हणाली होतीस. कुठे करायचा ते मालकीणबाईंनी ठरवावं.

आपला कूळ,
ऑबेड क्रॅन्स्टन